नाव झाकलेली कथा



मराठीच्या प्राध्यापकाने विज्ञानकथेच्या पुरस्कारांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. तेव्हा विषयालाच हात घालतो.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली. अहमदाबादेत एका परिसंवादात रटाळ भाषण चालू असता श्रोत्यांतील एका शास्त्रज्ञाने त्या स्पर्धेसाठी कथा लिहावयास घेतली. (आज येथे कोणी तसे करीत असल्यास माझी हरकत नाही.) ते डॉ. जयंत नारळीकर. आपले नाव पाहून परीक्षक भारावतील, म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी फिरवून 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंकडून प्रत लिहवून घेतली. 'कृष्णविवर' या त्या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. पुढल्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून या नव्या प्रवाहाची दखल घेतली.

साहित्य अकादमीचा पुरस्कार मात्र नारळीकरांना २०१४ साली मिळाला, आणि तोही 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रास. २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद आले. २०२५ च्या मे महिन्यात ते निवर्तले. आत्मचरित्र सन्मानास पात्र होतेच. पण कथांचे काय?

दोष आम्हा समीक्षकांचा आहे. एका पुरस्कार समितीवर असताना एक विज्ञानकथासंग्रह मी दहा पाने चाळून 'बालवाङ्मय' म्हणून बाजूस सारला होता. पुष्कळ वर्षांनी तो समग्र वाचला, तेव्हा शरमलो.

अमेरिकेत १९५३ पासून ह्यूगो पुरस्कार दिला जातो. जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सदस्य मतदान करून तो ठरवितात. मराठीतही असा स्वतंत्र पुरस्कार असावा, असे म्हणताना मी अडखळतो. वेगळी पंगत मांडली, की मुख्य पंगतीत पान वाढावयाचे राहूनच जाते.

जोयड्याच्या मुलांना कथाबीजासाठी दूर जावयास नको. जुने सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली गेले. तीच काळी नदी पुढे कैग्याच्या अणुवीजकेंद्राजवळून समुद्राकडे जाते. आजोबांचे अंगण जलाशयाच्या तळाशी आहे, हे ऐकत वाढलेल्या मुलाला कल्पनेचे वावडे कसे असेल?

शाळेने दरवर्षी विज्ञानकथेची स्पर्धा ठेवावी, अशी माझी विनंती आहे. मराठी, कोकणी, कन्नड, कोणतीही भाषा चालावी. कागदावर नावाऐवजी क्रमांक असावा. परीक्षक म्हणून मला बोलाविल्यास मी येईन, आणि या वेळी शेवटच्या पानापर्यंत वाचीन.