चिखलात चालणारी मोटर: शेजाऱ्याच्या गॅरेजमधला जुगाड

मागच्या वेळी कोणीतरी विचारलं होतं, कोड सोडून हाताने काही बनवतोस का? तर आजचा विषय तो. मड मोटर. म्हणजे चिखलात आणि गवतात चालणारी होडीची मोटर.

मी ह्यूस्टनला राहतो. इथून पूर्वेला, लुइझियानाच्या सीमेकडे, किनाऱ्यालगत मैलोन्‌मैल दलदल आहे. माझा शेजारी तिथे हिवाळ्यात बदकांच्या शिकारीला जातो, परवाना काढून. त्याचे वडील सत्तरी ओलांडलेले. गुडघाभर चिखलात चालणं आता त्यांना जमत नाही, त्यामुळे होडी बदकांच्या जागेपर्यंत पोचली तरच ते येणार. आणि इथे गोची अशी की थंडीची लाट आली की बदकं येतात, पण त्याच लाटेतला उत्तरेचा वारा दलदलीतलं पाणी समुद्राकडे ढकलतो. बदकं हजर, पाणी गायब!

साध्या आउटबोर्ड मोटरचं तिथे काही चालत नाही. तिचा पंखा होडीच्या तळाच्या बराच खाली असतो, बुंध्यांवर आपटतो. शिवाय ती थंड राहण्यासाठी बाहेरचं पाणी ओढते. पाण्याऐवजी चिखल ओढला की पंप चोंदतो आणि इंजिन तापतं.

यावर उपाय थायलंडमध्ये आधीपासून आहे. बँकॉकच्या कालव्यांतल्या लांब शेपटीच्या होड्या तुम्ही रील्समध्ये पाहिल्या असतील. इंजिन होडीवर, त्याला लांबलचक दांडा, दांड्याच्या टोकाला पंखा. लुइझियानात बॅटन रूजच्या गो-डेव्हिल कंपनीने शिकाऱ्यांसाठी अशाच मोटरी विकल्या. तयार मोटर महाग पडते, म्हणून आम्ही घरीच बनवायला घेतली.

इंजिन म्हणजे आपल्याकडे शेतातल्या पाण्याच्या पंपावर असतं ना, होंडाच्या जीएक्स 200 च्या धर्तीचं, तसंच. 212 सीसी, साधारण 6.5 हॉर्सपॉवर. हवेवर थंड होतं, म्हणजे चिखल ओढायचा प्रश्नच मिटला. त्याला सहा फुटी लोखंडी पाइप, आत स्टीलचा शाफ्ट, पाइपमध्ये ग्रीस, शेवटाला बुश आणि ऑइल सील. होडी 14 फुटी, ॲल्युमिनियमची, सपाट तळाची.

आता जिथे खरा खेळ आहे ते सांगतो. पंखा पाणी मागे ढकलतो, म्हणजे शाफ्ट पुढे, इंजिनाकडे रेटला जातो. होडीला पुढे नेणारा सगळा जोर त्या शाफ्टमधूनच येतो. तो थेट क्रँकशाफ्टवर गेला तर इंजिनाची बेअरिंग्ज फार दिवस टिकणार नाहीत, कारण ती फिरण्यासाठी आहेत, सतत टोकाकडून रेटा खाण्यासाठी नाहीत. यूट्यूबवरचे कितीतरी जुगाड इथेच मार खातात. आम्ही शाफ्टच्या वरच्या टोकाला टेपर रोलर बेअरिंग्ज बसवली, त्यांचं घर फ्रेमला वेल्ड केलं, आणि इंजिन व शाफ्टच्या मध्ये रबरी स्पायडरचं कपलिंग टाकलं, थोडी फट ठेवून. रेटा फ्रेमवर, फ्रेममधून होडीवर. इंजिनाने फक्त फिरवायचं. एकाचं काम दुसऱ्याच्या गळ्यात नाही. (हे वाक्य आमच्या ऑफिसात कोणी भिंतीवर लावेल का?)

दुसरं, पंखा. गिअरबॉक्स नाही, म्हणजे इंजिन 3600 आरपीएम फिरलं की पंखाही तेवढाच. मोठा पंखा लावायचा मोह होतो. पण पंख्याला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे मोठ्या पंख्यापुढे इंजिन गुदमरतं. टॅकोमीटर लावून फुल थ्रॉटल द्यायचा. आरपीएम वर चढत नसेल तर पंखा लहान करा. आमचं लोड टेस्टिंगच म्हणा.

तिसरं, आणि इथे मी अडून बसलो: किल स्विचची दोरी. या मोटरला न्यूट्रल नाही, रिव्हर्स नाही. पंखा चिखलाला टेकला की चाकासारखा धावतो आणि हँडल बाजूला फेकतं. चालवणारा पाण्यात पडला आणि मोटर चालूच राहिली तर उघडा पंखा गोल फिरून त्याच्याकडेच येऊ शकतो. शेजारी म्हणाला, लहान होडीला कशाला? मी म्हटलं, तुझ्या वडिलांना बसवणार आहेस ना? शिवाय एप्रिल 2021 पासून 26 फुटांखालच्या मोटरबोटींसाठी इथे केंद्राचा तसा कायदाही आहे. दोरी लागली.

अजून एक नियम मला आवडला: मोटर बंद करून होडी पूर्ण थांबल्याशिवाय बदकांवर गोळी झाडता येत नाही. मी स्वतः शिकार करत नाही. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने ती बंदच आहे, आणि भिगवणला होडीतून फ्लेमिंगो बघणारा मी माणूस. पण बेअरिंग कुठे बसवायचं, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

पहिल्या चाचणीत वीतभर पाण्यात, लव्हाळ्यातून होडी गेली. आवाज मात्र भयानक, इअरप्लग हवेतच. हँडलही हाताला ओढ देतं, म्हणून पंख्याखाली छोटी पाती वेल्ड करायची आहे. ते नोव्हेंबरच्या आत व्हायला हवं, कारण म्हाताऱ्याने लायसन्स काढून ठेवलंय.

कोणी कोकणात खाडीत असलं काही चालवत असेल तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात भेटू.