घंटांच्या गर्दींत हरवलेली घंटा

गल्लींतलें कुत्रें रात्रीं विनाकारण भुंकूं लागलें, कीं पहिल्या रात्रीं आपण उठून खिडकी उघडतों. दुसऱ्या रात्रीं कूस बदलतों. आणि चौथ्या रात्रीं तें खऱ्या चोरावर भुंकलें, तरी आपली झोंप मोडत नाहीं. मोठमोठ्या कारखान्यांच्या नियंत्रण-कक्षांत नेमकें हेंच घडतें.

तेथें कोठें दाब वाढला, कोठें टांकींतील पातळी उतरली, तर घंटा वाजून चालकास इशारा मिळतो. पूर्वीं प्रत्येक इशाऱ्यास स्वतंत्र दिवा व तार लागे. खर्च पडे, म्हणून इशारे मोजकेच असत. संगणक आले आणि नवा इशारा जवळजवळ फुकट मिळूं लागला. मग 'असूं द्या' म्हणून जो तो इशारे वाढवीत गेला.

याचा परिणाम वेल्समधील मिलफर्ड हेवन येथें २४ जुलै १९९४ रोजीं दिसला. सकाळच्या विजांच्या वादळानें तेथील तेलशुद्धीकरणाचें काम विस्कळित झालें. एक झडप प्रत्यक्षांत बंद होती, पण पडद्यावर ती उघडी दिसत होती. द्रव तुंबत गेला. जादा वायु जाळणाऱ्या धुराड्याकडे जाणारा नळ फुटला. आणि दुपारीं स्फोट होऊन २६ जण जखमी झाले. स्फोटापूर्वींच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोघां चालकांपुढें २७५ इशारे आले होते. म्हणजे अडीच सेकंदांस एक! त्यांतला महत्त्वाचा कोणता, हें कोणी व कसें ओळखावें?

उपाय साधे आहेत. पातळी ठरविलेल्या रेषेवरच हेलकावे खाऊं लागली, कीं घंटा वाजते, थांबते, पुन्हां वाजते. म्हणून पातळी रेषेपासून बरीच मागें आल्याखेरीज इशारा मिटूं नये, अशी योजना करतात. क्षणिक उसळी असेल, तर कांहीं सेकंद वाट पाहून मगच इशारा देतात. बंद ठेवलेल्या पंपाचा 'दाब कमी' हा इशारा, पंप चालू होईपर्यंत रोखून धरतात. सर्वांत मोठी कसोटी मात्र एका प्रश्नाची: ही घंटा वाजल्यावर चालकानें काय करावयाचें? उत्तर नसेल, तर ती बाब केवळ नोंदवहींत ठेवावी. अर्थात् इशारा काढून टाकणें हें तो लावण्याइतकेंच जबाबदारीचें काम आहे. त्याचें कारण लिहून ठेवलेंच पाहिजे.

घरींही मुलांना दिवसभर 'नको, नको' ऐकविणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं याचा विचार करावा. मूल विस्तवाजवळ गेलें असतां दिलेली हांक त्यास ऐकूं यावी असें वाटत असेल, तर बाकीच्या हांका कमी केल्या पाहिजेत.