वळवाची बातमी

आजच्या भाषणासाठी मला 'चैत्र-वैशाखातील वादळे व आपले गावजीवन' असा विषय देण्यात आला आहे. तो वाचताच मनात पहिली शंका आली ती अशी की, ज्या गोष्टीविषयी प्रत्येक श्रोत्यास माझ्याइतकेच ठाऊक आहे, तिच्याविषयी मी पंधरा मिनिटे काय बोलावे? मी कोणी हवामानशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करलेला, खेड्यापाड्यांतील शाळांतून सदतीस वर्षे खडू झिजवून निवृत्त झालेला मी एक सामान्य शिक्षक आहे. तथापि या सदतीस वर्षांतील एका वळवाचे मजवर काही देणे आहे. ते फेडण्याची संधी म्हणून मी हे निमंत्रण स्वीकारले.

प्रथम शब्दांचा थोडा घोळ निस्तरला पाहिजे. अलीकडे आमच्या छत्रपती संभाजीनगर शहरात जून महिन्यापूर्वी पडणाऱ्या कोणत्याही पावसास सरसकट 'अवकाळी' म्हणण्याची चाल पडली आहे. शेतकरी असे म्हणत नाही. माघ-फाल्गुनात गहू, हरभरा व शाळू उभा असताना जो येतो तो अवकाळी, म्हणजे ज्याला येण्याचा अधिकारच नाही असा. चैत्र-वैशाखात दोन प्रहरी उन्हाचा कहर झाल्यावर, तिसऱ्या प्रहरी धुळीचा लोट पुढे घालून जो येतो तो वळीव. त्याचा रागही येतो व त्याची वाटही पाहिली जाते. नांगरून टाकलेल्या जमिनीस तो हवा असतो आणि पाडाला लागलेल्या आंब्यास नको असतो. एकाच शिवारात बांधाच्या अलीकडचा माणूस त्यास हात जोडतो आणि पलीकडचा शिव्या देतो, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

वळवाची पहिली बातमी कोण देतो म्हणाल, तर वाळवण घालणाऱ्या बायका. चैत्र लागला की आमच्या गल्लीतील प्रत्येक गच्चीवर जुनी लुगडी अंथरली जातात आणि त्यांवर कुरडया, पापड्या, सांडगे वाळत पडतात. पहाटेपासून गव्हाचा चीक शिजवून, हात भाजून घेऊन केलेली ती वर्षाची बेगमी. ती घालणारीचे अर्धे लक्ष सदैव आकाशाकडे असते. वायव्येस दौलताबादच्या बाजूने आभाळ जांभळे पडले, वारा क्षणभर थांबला आणि मातीचा वास आला, की कोणीतरी एक आवाज देते, "अहो वहिनी, वाळवण उचला!" हा आवाज एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जात जात दोन मिनिटांत गल्लीच्या टोकास पोहोचतो. ज्यांची वर्षभर एकमेकींशी अबोला असतो त्याही त्या दोन मिनिटांत परस्परांची लुगडी गोळा करतात. पाऊस थांबल्यावर अबोला पुन्हा सुरू होतो, ती गोष्ट निराळी.

मग वीज जाते, म्हणजे दिव्यांची वीज जाते आणि आभाळातली येते. रसवंतीवाल्याचे घुंगरू थांबतात, दुकानांवरील पाट्या खडखडतात, पत्र्यांवर ठेवलेले दगड पत्र्यांसह खाली येतात. ज्या वर्षी पैठणची नाथषष्ठी व असे आभाळ एकत्र येते त्या वर्षी उघड्यावर उतरलेल्या दिंड्यांची तारांबळ पाहवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शहागंजात वाऱ्याने पडलेल्या कैऱ्यांचे ढीग लागतात. भाव निम्म्यावर आलेला असतो आणि आमच्या घरीही त्या दिवशी लोणच्याचा बेत ठरतो. त्या कैऱ्या कोणाच्या बागेतल्या, हा प्रश्न बरणी भरताना मी अनेक वर्षे विचारला नाही, हे कबूल करतो.

आता गारांविषयी. २०१४ सालची गारपीट आपल्यापैकी बहुतेकांस स्मरत असेल. फेब्रुवारीच्या अखेरीस, महाशिवरात्रीच्या सुमारास तिने आरंभ केला आणि मार्चचा मध्य उलटेपर्यंत ती आज या तालुक्यात, उद्या त्या तालुक्यात अशी हिंडत राहिली. मराठवाडाच काय, महाराष्ट्राचा फार मोठा भाग तिने झोडपला. काढणीस आलेला गहू भुईसपाट झाला, हरभऱ्याचे घाटे फुटले, मोसंबीच्या आंबे बहराची बोराएवढी फळे झाडाखाली सडा पडल्यासारखी पडली, कडब्याच्या गंजी भिजून काळ्या पडल्या. त्याच दिवसांत, ५ मार्च रोजी, लोकसभेची निवडणूक जाहीर झाली, त्यामुळे गावात एका बाजूस पंचनामे व दुसऱ्या बाजूस प्रचाराची तयारी असे विलक्षण दृश्य दिसत होते.

तेव्हा मी नोकरीत होतो. शाळेच्या अंगणात लिंबाएवढ्या गारा साचलेल्या. मास्तराचा स्वभाव, एक गार उचलली, चाकूने कापली आणि वर्गास दाखविली. आत कांद्यासारखे पापुद्रे होते; एक दुधी, एक स्वच्छ, पुन्हा एक दुधी. मुलांना सांगितले की, तापलेल्या जमिनीवरून हवेचा जोराचा झोत वर चढतो, ढग दहा-बारा किलोमीटर उंचीपर्यंत फुगतो, आत शून्याखाली तापमान असूनही न गोठलेले पाण्याचे थेंब असतात, ते हिमकणास चिकटतात आणि गोठतात. वरचा झोत जोवर तो गोळा पेलतो तोवर तो वाढत राहतो. पेलवेनासा झाला की कोसळतो. आपल्या पठारावर फाल्गुन-चैत्रात दोन वारे भेटतात; एक वायव्येकडचा कोरडा आणि दुसरा समुद्राकडून आलेला दमट. त्यांच्या भेटीत वरच्या थरांत थंड हवा उतरली म्हणजे गारांचा योग येतो. पाठ फार रंगला. मुले पुढे येऊन गारेस बोट लावीत होती. मागच्या बाकावरील एक मुलगी मात्र उठली नाही. तिला विचारले तेव्हा म्हणाली, "गुरुजी, आमचा गहू गेला." मी ती कापलेली गार खिडकीतून बाहेर टाकली आणि त्या दिवशी शाळा लवकर सोडली.

शाळा लवकर सोडणे, या शब्दांपाशी मला थोडे थांबावयाचे आहे. कारण ज्या देण्याविषयी आरंभी बोललो, ते याच शब्दांत आहे.

१९९१ सालचा एप्रिल महिना. मी पैठण तालुक्यातील एका खेड्यात होतो. शाळा सकाळची असे. पण सातवीची परीक्षा तोंडावर आल्यामुळे त्या वर्गास मी दुपारीही बोलावीत असे. एके दिवशी चारच्या सुमारास आभाळ भरून आले. मी विचार केला की, पाऊस येण्यापूर्वी मुले घरी पोहोचावीत, आणि "पळा" म्हणून वर्ग सोडला. गावातली मुले पोहोचली. दोघे जण दोन किलोमीटरांवरील वस्तीवर राहत. निम्म्या वाटेवर टपोरे थेंब सुरू झाले तेव्हा ते एका चिंचेखाली उभे राहिले. तेथे एक शेळ्या राखणारा आपली चार जनावरे घेऊन आधीच उभा होता. वीज त्या चिंचेवर पडली. दोन शेळ्या जागच्या जागी मेल्या. शेळ्या राखणारा व एक मुलगा दूर फेकले गेले आणि उठून बसले. दुसरा मुलगा बऱ्याच वेळाने शुद्धीवर आला. त्याच्या डाव्या कानातून रक्त येत होते. त्या कानाने त्यास पुन्हा कधी ऐकू आले नाही.

तलाठ्यांनी येऊन पंचनामा केला; त्यात दोन शेळ्या लिहिल्या गेल्या, कारण मेलेल्या जनावराची नोंद व्हावयाची असते. चार दिवसांनी एका वर्तमानपत्रात कोपऱ्यात एक ओळ आली, 'वीज पडून दोन शेळ्या ठार'. ती ओळ खोटी नव्हती. मुलगा जिवंत होता, म्हणून तो बातमीत आला नाही.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. गावाने या प्रकाराचे कारण तत्काळ शोधून काढले. मुलगा पायाळू होता, म्हणजे जन्मतेवेळी त्याचे पाय प्रथम बाहेर आले होते. आणि पायाळू माणसाकडे वीज ओढली जाते, हे आपल्याकडे कोणास ठाऊक नाही? त्याच्या आजीने तसे सांगितले, शेजाऱ्यांनी दुजोरा दिला, आणि वर्ग कोणी व कोणत्या क्षणी सोडला हा प्रश्न कोणीच विचारला नाही. मला हा समज खोटा आहे हे पक्के माहीत होते. विज्ञानाचा तास मीच घेत असे. तरी मी पारावर बसून ते ऐकले आणि गप्प राहिलो. त्या समजुतीने माझी सुटका होत होती. श्रोतेहो, एवढी वर्षे मी अंधश्रद्धेविरुद्ध पुष्कळ भाषणे दिली. त्या दिवशी एक वाक्य बोलावयाचे होते, ते बोललो नाही. ते आज बोलतो. मुलगा पायाळू होता म्हणून वीज पडली नाही. उंच एकाकी झाड जवळ होते म्हणून पडली, आणि मुले त्या झाडाखाली होती, कारण मास्तराने त्यांस चुकीच्या वेळी बाहेर काढले.

पुढे मी त्या विषयावर जे मिळेल ते वाचीत गेलो. शेळ्या का मेल्या व माणसे का वाचली, हेही समजले. झाडावर पडलेली वीज जमिनीत सर्व दिशांनी पसरते. ज्याच्या पायांत अंतर अधिक, त्याच्या देहातून प्रवाह अधिक जातो. आणि चतुष्पादाचे पुढचे व मागचे पाय दूर असतात, शिवाय मध्ये काळीज असते. म्हणूनच मोकळ्या रानात सापडल्यास झाडापासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये, असे सांगतात. पण हा निरुपायाचा उपाय होय. खरा आसरा पक्के घर. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत; तीन सेकंदांस एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर घरात शिरावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. ज्यावर वीज पडली त्याच्या अंगात ती राहत नाही. त्यास तत्काळ हात लावावा, श्वास बंद असल्यास छाती दाबून तो चालू करण्याचा यत्न करावा व दवाखान्यात न्यावे. देशात कोठे कोठे अशा माणसास शेणात पुरून ठेवतात. त्यात जे क्षण जातात तेच मोलाचे असतात.

इशारा ही एकच बातमी अशी आहे की, जी घटनेच्या आधी यावी लागते, आणि ती देण्यास माणसे नेहमीच कचरत आली आहेत. अमेरिकेच्या मध्यभागातील सपाट प्रदेशात वसंत ऋतूत टोर्नेडो नावाची भयंकर चक्रवादळे होतात. लोक घाबरतील म्हणून तेथील हवामान खाते आपल्या अंदाजात 'टोर्नेडो' हा शब्दच वापरीत नसे, आणि हा संकोच १९३८ पर्यंत टिकला. मधल्या काळात, १८ मार्च १९२५ रोजी, एकाच टोर्नेडोने मिसूरी, इलिनॉय व इंडियाना या तीन राज्यांत ६९५ माणसे मारली. आता तेथे गावोगावी भोंगे आहेत आणि रेडिओवरून क्षणोक्षणी सूचना मिळतात. आपल्याकडेही ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तरेतील मुरादाबादेस गारांनी २४६ माणसे मेल्याची नोंद आहे, आणि गारपिटीतील मनुष्यहानीचा जगातील तो उच्चांक मानला जातो. त्या लोकांस कोण कसा इशारा देणार होते? आज मात्र हवामान खाते जिल्ह्याजिल्ह्याचे पिवळे, नारंगी, तांबडे इशारे काढते, आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 'दामिनी' नावाचे एक ॲप काढले आहे. आपल्याभोवती वीस व चाळीस किलोमीटरांच्या आत वीज पडत असेल तर ते मोबाइलवर सूचना देते. माझ्या वयाच्या माणसास ते प्रथम जमले नाही. नातवाने बसवून दिले.

पण खरे सांगावयाचे तर मला दामिनीची गरज पडत नाही. तो चिंचेखालचा मुलगा आज सत्तेचाळिशीच्या घरात आहे, त्याच शिवारात मोसंबीची बाग करतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी त्याच्या घरी जाऊन, वर्ग मी चुकीच्या वेळी सोडला होता, असे त्यास व त्याच्या वडिलांस सांगितले. वडील काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्हाला ते माहीत होतं, गुरुजी. तुम्ही कधी सांगता ते बघत होतो." आणि चहा आला.

तेव्हापासून पैठणच्या बाजूस आभाळ भरले की त्याचा फोन येतो. ढग पुष्कळदा त्याच्याकडून आमच्याकडे येत नाहीत, उलट दिशेस जातात. तरी तो करतोच. उजव्या कानास फोन लावतो आणि समोरच्यासही कमी ऐकू येत असावे अशा समजुतीने मोठ्याने बोलतो. गेल्या वैशाखात असाच फोन आला. "गुरुजी, इकडं कडाडतंय. बाहेर असाल तर घरात जा. आणि काकूंना सांगा, वाळवण उचला म्हणावं." मी गच्चीवरच होतो. आभाळ अगदी निरभ्र होते. तरी हिला हाक मारली, आणि आम्ही दोघांनी लुगड्याची चार टोके धरून कुरडया खाली आणल्या.