लोकसंख्येचा दोष आणि पाण्याचा हिशेब

(लातूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन निघालेली रेल्वेगाडी आपल्या लातूरच्या स्थानकात आली. पहिल्या खेपेस दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. २०११च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ३,८२,९४० होती. म्हणजे डोईला दीड लिटरही पाणी आले नाही. पाणी भरण्याच्या जागी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून मार्च महिन्यातच जमावबंदी लागू करावी लागली होती. त्या उन्हाळ्यात एक वाक्य वारंवार कानी पडले आणि ते आजही पडते : ‘माणसेच फार झाली, पाणी पुरणार कसे?’ या वाक्याचीच आज तपासणी करावयाची आहे.

माणसे वाढली हे खरेच आहे. परंतु ती कोठे वाढली हे पाहिले पाहिजे. २००१ ते २०११ या दशकात लातूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १८ टक्क्यांनी आणि नांदेड जिल्ह्याची सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. त्याच दहा वर्षांत लातूर आणि नांदेड ही दोन्ही शहरे मात्र जवळजवळ २८ टक्क्यांनी वाढली. एवढी तफावत केवळ पाळण्यांमुळे पडत नाही. ती गाव सोडणाऱ्यांमुळे पडते. आजोबांची दहा एकर कोरडवाहू जमीन नातवांच्या वाट्याला येईपर्यंत एकेका एकरावर येते. मुखेड, कंधार, जळकोट भागातील वाड्यातांड्यांवरची जोडपी दिवाळीनंतर कोयते घेऊन ऊसतोडीस निघतात. कोणी पुण्याची, कोणी हैदराबादची वाट धरतो. कोणी मुलांच्या शिक्षणासाठी लातुरात भाड्याची खोली घेतो. शहराची गर्दी म्हणजे खेड्याच्या दुरवस्थेचा पुरावा आहे.

या गर्दीचा निसर्गावर ताण पडत नाही, असे मी म्हणणार नाही. विंधनविहिरी दरवर्षी खोल जात आहेत. नांदेडमध्ये शहराचे सांडपाणी गोदावरीत मिसळते आणि खालच्या गावांना ते सोसावे लागते. परंतु धरण माणसांनी पिऊन रिते केले काय? हिशेब करू. दरडोई दररोज १३५ लिटर हे शहरी प्रमाण धरले, तर लातूर शहराला वर्षाला सुमारे १९०० कोटी लिटर पाणी लागेल. एक हेक्टर ऊस वर्षाला सुमारे दोन कोटी लिटर पाणी घेतो. म्हणजे अवघ्या शहराची वर्षाची गरज हजार हेक्टर उसाच्या पाण्याइतकीही भरत नाही! केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानेच नमूद केले आहे की, महाराष्ट्रात लागवडीखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहूनही कमी जागा व्यापणारा ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी घेतो. प्रश्न माथी किती हा नसून वाटणी कशी हा आहे.

म्हणून ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला शत्रू ठरवावे काय? मुळीच नाही. उसाच्या किमान दराला कायद्याचा आधार आहे आणि कारखाना तो उचलतो. तूर, सोयाबीन, ज्वारीचे हमीभाव जाहीर होतात, पण त्या भावाने खरेदी होईलच याची शाश्वती नसते. शेतकरी पाण्याचा नव्हे, शाश्वतीचा माग काढीत उसाकडे जातो. ही व्यवस्था राज्यकर्त्यांनी घडविली आहे आणि तिचा लाभ ज्यांच्या विहिरीला व कालव्याला पाणी आहे त्यांनाच मिळतो.

माणसांच्या संख्येवर खापर फोडले की सत्ता कोठवर जाते, हे आपण पाहिले आहे. आणीबाणीत, १९७६ साली, सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत करणारे पहिले विधिमंडळ याच महाराष्ट्राचे होते. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. पण गोरगरिबांनी सक्ती भोगली ती भोगलीच. पुढे सक्ती नसतानाही राज्याचा जननदर घटत गेला. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार तो स्त्रीमागे १.७ अपत्ये, म्हणजे लोकसंख्या स्थिर राखणाऱ्या २.१ या पातळीहून कमी आहे. जननदर घटूनही टंचाई हटलेली नाही, याचा अर्थ उघड आहे.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. धरणातील पिण्याचे पाणी आधी राखून ठेवावे आणि उरलेल्याचे वाटप जाहीरपणे व्हावे. उसाला ठिबकावाचून पाणी देऊ नये. डाळी आणि तेलबियांची हमीभावाने खरेदी व्हावी. शहरांनी सांडपाणी शुद्ध करून शेतीला परत द्यावे. १९७२च्या दुष्काळातून उभी राहिलेली रोजगार हमी ऊसतोडीच्या आधी गावात पोहोचावी. मुलींचे शिक्षण आणि विवाहाचे वय हे त्यांचे हक्क म्हणून जपावे, लोकसंख्येचे लक्ष्य म्हणून नव्हे. २०२१ची जनगणना वेळेवर झाली नाही. जुन्या आकड्यांवर पाण्याचे नियोजन करणे हीदेखील एक प्रकारची बेपर्वाईच आहे.

मित्रहो, पुन्हा कोणी ‘माणसे फार झाली’ असे म्हणाला, तर त्याला एवढेच विचारा : कोणती माणसे, आणि पाणी कोणाच्या शेतात?