संकल्पाला देश हवा, काळ हवा

(शिरूर येथे वर्षप्रतिपदेच्या पूर्वसंध्येला झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



उद्या वर्षप्रतिपदा. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतून आपण येथे आला आहात. कोणी लिहिणारे आहात, कोणी भजनात पखवाज वाजवणारे, कोणी गणेशोत्सवात नाटक बसवणारे. नव्या वर्षात आपापल्या कलेचा संकल्प कसा करावा, हा विषय कार्यकर्त्यांनी मला दिला. परंतु 'संकल्प' हा शब्द आपण अलीकडे फार स्वस्त करून टाकला आहे, म्हणून आधी त्याच्याविषयीच थोडे बोलतो.

घरी पूजा असते. हातावरून पळीभर पाणी सोडण्यापूर्वी गुरुजी जे उच्चारतात, त्याकडे आपले लक्ष क्वचितच असते. कारण स्वयंपाकघरातून प्रसादाचा वास येत असतो! पण तो क्रम पाहण्यासारखा आहे. आधी देशाचा उच्चार : भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर. मग काळाचा : संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. मग करणाऱ्याचे गोत्र आणि नाव. आणि या सर्वांनंतर, करावयाचे कर्म कोणते ते. मी कोठे उभा आहे, आज कोणता दिवस आहे, मी कोण आहे, हे सांगितल्यावाचून 'मी हे करीन' असे म्हणण्याची आपल्याकडे मुभाच नाही. 'यंदा भरपूर लिहायचे', 'यंदा गाणे मनावर घ्यायचे' या वाक्यांत देश नाही, काळ नाही आणि कर्मही धूसर आहे. अशी इच्छा अक्षय्य तृतीयेपर्यंतसुद्धा टिकत नाही, यात नवल कसले?

काही मंडळी विचारतील, वर्ष चैत्रात सुरू होते की जानेवारीत? या वादात मी शिरत नाही. आपल्या समाजात प्रत्येक कामाला स्वतःचा पाडवा आहे. व्यापारी दिवाळीच्या पाडव्याला वही पूजतो, साखर कारखान्याचे वर्ष बॉयलर पेटला की सुरू होते, तमाशाचा फड दसऱ्याला बाहेर पडतो. आपल्या कामाचे वर्ष कधी उजाडते, हे आपल्याला ठाऊक असले म्हणजे पुरे.

आता आपल्याच परिसरातली उदाहरणे पाहू. दूर जाण्याची गरज नाही.

शिरूर तालुक्यातले पाबळ आपण मस्तानीच्या समाधीमुळे ओळखतो. त्याच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतून डॉक्टरेट, म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेत काम, नंतर हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठे पद. असा माणूस पन्नाशी ओलांडल्यावर मुदतीपूर्वी निवृत्त होतो आणि पत्नीसह पर्जन्यछायेतल्या गावात येऊन राहतो. त्यांनी 'ग्रामीण शिक्षणासाठी काहीतरी करीन' असे म्हटले नाही. अवर्षणग्रस्त भागातले एक सामान्य गाव शोधले, कारण तेथे जे जमेल ते इतरत्रही जमेल. शाळा सुटलेली मुले घेतली. त्यांच्या हाती वेल्डिंगचे यंत्र दिले, रोपवाटिका दिली, घरबांधणीचे काम दिले. लोखंडी सांगाड्याचे घुमटाकार घर, छोटा ट्रॅक्टर असल्या गोष्टी तेथे आकाराला आल्या. मुलांनी केलेल्या कामाचे मोल गावाने द्यायचे, हीही रीत ठेवली. म्हणजे काम खोटे राहत नाही. २००२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने तेथे 'फॅब लॅब' ही आधुनिक कार्यशाळा उभी राहिली. ती भारतातली पहिली, आणि तीही पुण्या-मुंबईत नव्हे, पाबळला! पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये कलबाग गेले. आश्रम चालू आहे.

आपण म्हणाल, हे तंत्रज्ञान झाले, कला नव्हे. मला हा भेद फारसा मान्य नाही. ज्याने हातांनी काही घडवले, त्याला कवीइतकीच खाडाखोड करावी लागते.

दुसरे उदाहरण वढू बुद्रुकचे. ११ मार्च १६८९ रोजी भीमेच्या काठी छत्रपती संभाजी महाराजांचे बलिदान झाले आणि दुसऱ्या दिवशी पाडवा होता, हे गुढी उभारताना आपल्याला आठवतेच. दौंडकरांना तर पलीकडच्या काठावरचा पेडगावचा बहादूरगड रोज साक्ष देतो. पण आज मला त्यांच्या लेखणीविषयी सांगायचे आहे. तरुण वयात महाराजांनी 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात आजोबा शहाजीराजे आणि पिता शिवराय यांची स्तुती आहे. राजनीतीचा मोठा भाग आहे आणि तो बराचसा पूर्वीच्या ग्रंथांतून निवडून घेतलेला आहे. काही अभ्यासकांना हे न्यून वाटते. मला मात्र यातच त्यांचे मोठेपण दिसते. राज्य चालवावयाचे म्हणून ज्या तरुणाने आधी काय वाचावे, त्यातले काय ठेवावे आणि काय सोडावे हे स्वतः ठरवले, त्याने लेखकाचे पहिले काम केले. आपल्यातल्या नवोदितांना याचाच कंटाळा असतो. याखेरीज व्रज भाषेतही त्यांनी 'नायिकाभेद', 'नखशिख', 'सातसतक' लिहिले. मोहिमा, दरबार, घरातले ताणतणाव यांतून वेळ काढूनच ना? 'बुधभूषण' छापून लोकांसमोर आले ते १९२६ साली, पुण्याच्या भांडारकर संस्थेमार्फत, ह. दा. वेलणकरांच्या संपादनाखाली. सव्वादोनशेहून अधिक वर्षे ते हस्तलिखितच राहिले.

आणि तिसरे उदाहरण कवठे येमाईचे. बशीर मोमीन कवठेकर हे नाव येथे कोणाला सांगावे लागणार नाही. लावण्या, भारुडे, भक्तिगीते, वगनाट्ये असे पन्नासएक वर्षे त्यांनी लिहिले आणि ते फडांनी गावोगावच्या जत्रांत पोचवले. राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. २०२१ साली ते गेले. फडासाठी लिहिणाऱ्याला प्रतिभेची वाट पाहत बसता येत नाही. दसरा जवळ आला की गाणे तयार हवे. ढोलकीवाला समोर बसलेला असतो. मुदत ही प्रतिभेची वैरीण आहे, असे शहरातले काही साहित्यिक मानतात. फडाचा अनुभव वेगळा आहे.

मला एक काळजी बोलून दाखवायची आहे. रांजणगावच्या आणि कुरकुंभच्या कारखान्यांत आपली मुले पाळीवर जातात. एक आठवडा सकाळ, दुसरा रात्र. त्यांच्यात लिहिणारे आहेत, गाणारे आहेत. पण भजनी मंडळात जाऊन पाहा. पखवाजावर पांढऱ्या केसांचा हात आहे आणि शेजारी शिकणारा कोणी नाही. हा हात थांबला की त्याच्या बोटांतले बोल पुस्तकात सापडणार नाहीत. मुले नालायक आहेत असे मी मानत नाही. त्यांना ठरलेली वेळ नाही आणि वाट पाहणारे कोणी नाही, इतकेच.

म्हणून उद्याचा संकल्प पूजेतल्यासारखाच करावा. देश : गावातले मंदिर, शाळेची खोली किंवा घराची पडवी. काळ : पाळीचा आठवडा धरून ठरवलेले दोन वार. नाव : आपले आणि ज्याच्यासमोर बसायचे त्याचे. कर्म : 'पखवाज शिकणे' नव्हे, तर 'आषाढीपर्यंत भजनाच्या ठेक्याचे चार बोल'. लिहिणाऱ्यांनी आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या आधी वहीत उतरवून घ्याव्यात. स्वतःची कविता त्यानंतर. आयाबायांना माझी विनंती आहे, की त्या दोन संध्याकाळी घरातल्या त्या मुलाला वा सुनेला दुसरे काम सांगू नका.

बाहेर व्हरांड्यात एक वही ठेवली आहे. तिच्यात या चार गोष्टी लिहाव्यात, पाचवी नको. दौंडच्या मंडळींना न्हावरे-चौफुला मार्गे परतायचे आहे, त्यांनी आधी लिहावे.