तलावाची मोटर केवढी घ्यावी?

कृषी पर्यटन चालवणाऱ्या काही गटांनी आता चुलीवरचं जेवण आणि बैलगाडीच्या जोडीला अंगणात पोहायचा छोटा तलावही बांधला आहे. शहरातली पोरं आली की आधी तिकडेच पळतात. अशाच एका गटातल्या ताईंनी विचारलं, "दुकानदार तीन एचपीची मोटर घ्या म्हणतो, घेऊ का?" पैसे कर्जाचे, म्हणून आज हाच विषय.

मोटर म्हटलं की आपल्याला विहीर आठवते. तिथं पाणी वर चढवायचं असतं, म्हणून जोर लागतो. तलावातलं पाणी मात्र फिल्टरमधून जाऊन परत तलावातच येतं. चढ जवळजवळ नाहीच, पाइपाचा आणि फिल्टरमधल्या वाळूचा अडथळा तेवढा असतो. त्यामुळे आधी एचपी नको, पाणी मोजा.

समजा तलाव २० फूट लांब, १२ फूट रुंद आहे. एका टोकाला खोली ३ फूट, दुसऱ्याला ५, म्हणजे सरासरी ४ धरू. गुणाकार ९६० घनफूट. एका घनफुटात साधारण २८ लिटर, म्हणजे झालं सुमारे २७ हजार लिटर. घरच्यापुरता तलाव असेल तर सगळं पाणी आठ तासांत एकदा गाळून निघालं तरी चालतं. पाहुणे उतरणार असतील तर सहा तास धरा, गर्दी असेल तर चार. सहा तासांनी भागलं की तासाला साडेचार हजार लिटर. आता दुकानदाराला विचारा, "दहा-बारा मीटर हेडला ही मोटर तासाला किती लिटर देते?" कंपनीच्या तक्त्यात ते छापलेलं असतं. एवढ्या कामाला बहुधा अर्धा ते पाऊण एचपी पुरते.

तीन एचपीची मोटर सहा तास चालली तर तेरा युनिटच्या वर जाते, पाऊण एचपीची साडेतीन-चार युनिटांत भागते. हा फरक रोजचा आहे बायांनो! शिवाय लहान फिल्टरमधून पाणी जोरात गेलं की वाळू घाण धरत नाही, पाणी गढूळच राहतं. फिल्टरवर तासाला जास्तीत जास्त किती लिटर ते लिहिलेलं असतं. मोटर त्याच्या आत बसली पाहिजे. (क्लोरीन टाकावंच लागतं, ते काम मोटर करत नाही.)

विहिरीची मोनोब्लॉक स्वस्त मिळते म्हणून तीच बसवू नका. तलावाच्या मोटरला पुढे जाळीची टोपली असते, त्यात केस आणि पालापाचोळा अडकतो. टोपली नसेल तर तो कचरा थेट पंख्यात जातो.

आणि मोटर कितीही लहान असली तरी तळाला पाणी ओढणारी जाळी एकच ठेवू नका. दोन ठेवा, एकमेकींपासून निदान तीन फुटांवर, झाकणं स्क्रूनं घट्ट बसवलेली. एकच जाळी असली आणि तिच्यावर पोराचं अंग बसलं किंवा मुलीचे केस त्यात गेले, तर सगळा जोर तिथंच लागतो आणि मूल सुटत नाही. मोटर जेवढी मोठी, तेवढी ही ओढ जास्त. मोटर बंद करायचं बटण तलावाजवळ, पण ओल्या हाताला लागणार नाही असं ठेवा, आणि ते कुठं आहे हे गटातल्या प्रत्येकीला दाखवून ठेवा.