गाडी बघतेय ना!



माझे वडील जालन्यात टांगा चालवत. स्टेशनवरून सवाऱ्या घेऊन गावात यायचं आणि पुन्हा स्टेशनला जायचं, एवढीच त्यांची दुनिया. रात्री शेवटची सवारी उतरली की अब्बा लगाम मनगटाला गुंडाळून बसल्या जागी डोळे मिटत. घोडी त्यांना बरोबर घरी आणून सोडायची. एकदा सवारी टांग्यात असतानाच त्यांना डुलकी लागली. त्या गृहस्थाला जायचं होतं दवाखान्याकडे आणि घोडीनं टांगा आणून उभा केला आमच्या दारात! गृहस्थ नवखा होता, त्याला वाटलं हाच दवाखाना. हा किस्सा आमच्या घरी किती तरी वर्षं हसत हसत सांगितला जाई. दुसरा एक किस्सा मात्र हसत सांगितला जात नसे. एका पावसाळी रात्री वाटेतली मोरी वाहून गेली होती. घोडी अलीकडेच थांबली, फुरफुरली, जागची हलेना. अब्बांना जाग आली तेव्हा पुढे काळं पाणी होतं. घोडीलाही जिवाची भीती होती, म्हणून अब्बा वाचले.

ही घोडी मला आठवली ती समृद्धी महामार्गावर.

गेल्या हिवाळ्यात भाच्यानं नवी मोटार घेतली. नागपूरला कविसंमेलन होतं. तो म्हणाला, "मामू, एसटीनं कशाला जाता, मी सोडतो." जाताना सगळं ठीक झालं. परतीच्या प्रवासात दुपारचं जेवण झाल्यावर त्यानं स्टिअरिंगवरची दोन बटणं दाबली आणि पाय मागे घेतले. गाडी आपोआप चालू लागली. वेग ताशी ११०. पुढची गाडी हळू झाली की आमची हळू होई, रस्ता वळला की स्टिअरिंग आपलं आपण वळे. मी घाबरून त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मामू, तुम्ही निवांत बसा. गाडी बघतेय ना!"

ही किमया तशी समजायला सोपी आहे. काचेच्या वरच्या बाजूला एक कॅमेरा असतो, तो रस्त्यावरचे पांढरे पट्टे पाहतो. पुढच्या बाजूला रडार असतं, ते पुढच्या वाहनाचं अंतर आणि वेग मोजतं. या दोघांच्या सांगण्यावरून गाडी वेग आणि दिशा सांभाळते. मोटारींच्या स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या जगभर मानल्या जातात. आपल्याकडे ज्या गाड्यांची हौस आहे त्या दुसऱ्या पायरीवरच्या. या पायरीवर गाडी वळते, थांबते, वेग घेते. पण लक्ष ठेवण्याची सगळी जबाबदारी चालकाचीच. शोरूममधल्या मुलानं भाच्याला यातलं पहिलं वाक्य सांगितलं होतं, दुसरं राहून गेलं होतं.

अर्ध्या तासानं भाच्यानं हात मांडीवर घेतले. गाडी टुणटुण करी, की हा स्टिअरिंगला बोट लावी, की गाडी गप्प बसे. हात आहे की नाही हे ती स्टिअरिंगला बसणाऱ्या हलक्या ओढीवरून ओळखते, हे त्यानं हेरलं होतं. पाण्याची बाटली अडकवून गाडीला फसवणारे महाभागही आहेत म्हणे! मग त्यानं फोन उचलला. मामूला आवडणारी एक गझल शोधत होता तो, म्हणजे त्या गुन्ह्यात माझाही वाटा आला. मी त्याला हटकलं, असं सांगायला मला आवडलं असतं. पण मी खिडकीबाहेर पाहत एका मतल्याची दुसरी ओळ जुळवत होतो.

आमच्या पुढे एक पांढरी जीप होती. ती एकाएकी उजवीकडे सरकली आणि समोर उभा ट्रक दिसला. पंक्चर झालेला, अर्धा आमच्या लेनमध्ये. मागे चार दगड आणि बाभळीची एक फांदी. ताशी ११० म्हणजे सेकंदाला तीस मीटर. किंचाळी माझी होती की टायरची, ते आठवत नाही. ब्रेक भाच्याच्या पायानं आधी लागला की गाडीनं लावला, यावर मामा-भाच्याचं अजून एकमत नाही. एवढं खरं, की जॅक लावून बसलेल्या त्या ट्रकवाल्यापासून चार हातांवरून आम्ही निघून गेलो. पुढे जाऊन थांबलो. भाच्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याचा पहिला प्रश्न होता, "मामू, गाडीला दिसलं कसं नाही?"

याचं उत्तर गाडीतच होतं. समोरच्या कप्प्यात माहितीपुस्तक होतं, प्लॅस्टिकच्या वेष्टनात, न फोडलेलं. थांबलेलं वाहन ओळखता येईलच असं नाही, असं त्यात स्वच्छ छापलं आहे. रडारला रस्त्यावरचे खांब, पाट्या, पुलाचे कठडे, असल्या हजार स्थिर गोष्टी दिसतात. प्रत्येकीला घाबरून गाडी थांबू लागली तर प्रवासच होणार नाही. म्हणून वेगात असताना स्थिर वस्तूंकडे काणाडोळा करायला बऱ्याच यंत्रणांना शिकवलेलं असतं. त्यातून पुढचं वाहन एकाएकी बाजूला झालं, तर त्यामागे काय उभं आहे हे उमजायला तिला वेळच उरत नाही. आणि तिला घोडीसारखा जीवही नसतो, की भीतीनं पाय रोवावेत.

मग मी जरा वाचन केलं. २०१६ च्या मे महिन्यात अमेरिकेत फ्लोरिडामध्ये टेस्लाची एक मोटार आडव्या आलेल्या ट्रेलरखाली शिरली आणि चालक जागीच गेला. आडवं येणारं वाहन ओळखण्यासाठी ती यंत्रणा बनवलेलीच नव्हती. तिथल्या सरकारी चौकशीत दिसून आलं, की त्या प्रवासात ३७ मिनिटं ऑटोपायलट चालू होतं आणि त्यातली २५ सेकंदच स्टिअरिंगवर हात असल्याची नोंद होती. आता हे 'ऑटोपायलट' नाव बघा. कवी म्हणून मला शब्दांची खोड आहे, पण इथं ती रास्त वाटते. ज्या गोष्टीला सतत माणसाची राखण लागते, तिला असं नाव दिलं तर ऐकणारा झोपी जाणारच.

कुणी म्हणेल, तो चालक बेपर्वा असेल. पण २०१८ च्या मार्चमध्ये ॲरिझोनातल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणी-मोटारीनं सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला धडक दिली, ती बाई मरण पावली. त्या गाडीत फक्त लक्ष ठेवण्यासाठी पगारी माणूस बसवलेलं होतं. त्या माणसाची नजर फोनवर होती.

माणूस असा का वागतो? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे लोक रडारच्या पडद्यावर पाणबुड्या शोधत तासन् तास बसत, आणि थोड्या वेळानं समोर दिसणाऱ्या खुणाही त्यांना दिसेनाशा होत. नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं याचा शोध घेण्यासाठी एक घड्याळ बनवलं. काटा दर सेकंदाला एक पाऊल पुढे जाई, क्वचित एकदम दोन पावलं उडी मारी. ती उडी पकडायची, एवढंच काम. १९४८ साली त्यानं निष्कर्ष छापले: पहिल्या अर्ध्या तासातच माणसाच्या चुका वाढू लागतात. ही माणसं आळशी नव्हती, युद्धावरचे शिपाई होते ते. हाताला काम असलं की मन त्या कामाला बांधलेलं राहतं. हाताचं काम काढून घेतलं आणि नुसतं 'बघत बस' म्हटलं, की मन उठून निघून जातं. यंत्र बिघडतं तेव्हाचा धोका आपल्याला कळतो. ते शंभर वेळा बिनचूक चालतं आणि आपली खात्री पटते, तेव्हाचा धोका कळत नाही.

याचा अर्थ ही उपकरणं टाकाऊ आहेत असं नव्हे. धडक होऊ घातली असता आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा फार गुणाची. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेला असं दिसलं, की तिच्यामुळे पुढच्या गाडीला मागून बसणाऱ्या धडका निम्म्यानं कमी होतात. पण त्याच संस्थेनं २०२४ साली सांगितलं, की गाडी स्वतः वेग आणि लेन सांभाळते त्या सोयीनं अपघात टळतात याला फारसा पुरावा नाही. पहिली यंत्रणा आपण गाडी चालवताना आपली राखण करते. दुसरीत गाडी चालवते आणि राखण आपण करायची असते. ही उलटी नोकरी आपल्याला जमत नाही. म्हणूनच आता गाडीनं माणसावर नजर ठेवायची पाळी आली आहे. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत चालकाची पेंग ओळखून इशारा देणारी यंत्रणा सक्तीची आहे.

पूर्वी ट्रकमधल्या क्लीनरचं रात्रीचं खरं काम ड्रायव्हरला जागं ठेवण्याचं असे. त्या दिवशी ते काम माझं होतं, हे मला उशिरा कळलं. ब्रिटनमध्ये पोलीस चालकांना एक रीत शिकवतात: जे दिसतं ते मोठ्यानं बोलत गाडी चालवायची. भाच्याला ती मी सांगितली. आता तो "डावीकडे टँकर, पुढे पूल, बाईकवाला बिनहेल्मेटचा" असं धावतं वर्णन करत असतो. शेजारी बसणाऱ्याला वैताग येतो, पण झोप येत नाही.

ते माहितीपुस्तक इंग्रजीत आहे आणि भाच्याचा इंग्रजीशी छत्तीसचा आकडा. मी बी.ए. झालेला, म्हणून त्यातल्या सूचनांची दोन पानं मराठीत उतरवण्याचं काम त्यानं माझ्यावर टाकलं आहे. पाऊस, धुकं, पुसलेले पट्टे, घाट, टोलनाका आणि उभं वाहन, इथं यंत्रणेवर विसंबू नये. हात स्टिअरिंगवरच असावेत. दोन तासांनी उतरून तोंड धुवावं. एवढं झालं आहे. अजून अर्धं पान बाकी आहे. पूर्ण झालं की त्याला ते लॅमिनेट करून काचेपाशी लावायचं आहे, आणि अक्षर मामूचंच हवं, असा त्याचा हट्ट आहे.